रिग यायच्या आधी विहिरीचं पाणी नोंदवून ठेवा: नागपूर जिल्ह्यासाठी मार्गदर्शक

गावाशेजारी रिग (जमिनीत खोल भोक पाडणारं यंत्र) उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, आता आपलं पाणी बिघडणार का? पण खरा पेच पुढे असतो. सहा महिन्यांनी पाण्याला वास यायला लागला, तर ते आधी चांगलं होतं हे दाखवायचं कशाच्या जोरावर? "आम्ही वर्षानुवर्षं हेच पाणी पितो" हे वाक्य ना प्रयोगशाळेत चालत, ना सुनावणीत. चालतो तो रिग येण्याआधीच्या तारखेचा, नीट घेतलेल्या नमुन्याचा कागद. तो कागद कसा तयार करायचा, हे पुढे दिलं आहे. शहरात नळाला पेंच किंवा कन्हानचं पाणी येत असेल, तर हा लेख तुमच्या नळापुरता नाही. विहीर, बोअर किंवा हातपंपाचं पाणी पिणाऱ्यांसाठी तो आहे.

आपल्या पायाखाली काय आहे

जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे, काळा बेसाल्ट आहे. पूर्वेच्या बऱ्याच भागात त्याहून जुने नाइस आणि ग्रॅनाइटसारखे कठीण खडक आहेत. कामठी, सावनेर, पारशिवनी आणि उमरेडच्या पट्ट्यात गोंडवाना काळातले थर आहेत, आणि काळजी याच पट्ट्याची जास्त. इथला कामठी वालुकाश्म (हे नाव आपल्या कामठीवरूनच पडलं) पाणी उत्तम धरतो. त्याच्या खाली बराकर थर, आणि कोळसा त्या थरात. म्हणजे कोळशापर्यंत किंवा कोळशातल्या वायूपर्यंत जाणारं प्रत्येक भोक आधी गावाच्या पाण्यातून जातं. ते भोक पाण्याच्या थराजवळ किती घट्ट बंद केलंय, यावर बाकी सगळं अवलंबून.

कोळशातला मिथेन पाण्याच्या दाबामुळे कोळशाला चिकटून बसलेला असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखा, दाब कमी झाला की तो सुटतो. म्हणून अशा वायूविहिरीतून सुरुवातीचे कित्येक महिने गॅसपेक्षा पाणीच जास्त उपसलं जातं. पश्चिम बंगालमधलं राणीगंज आणि मध्य प्रदेशातलं सोहागपूर ही या पद्धतीने गॅस काढणारी आपल्या देशातली प्रमुख क्षेत्रं. यातून पाण्याला तीन वाटांनी धोका येतो: उपशामुळे पातळी खाली जाणं, उपसलेलं खारट, सोडियमयुक्त पाणी शेतात किंवा नाल्यात सोडलं जाणं, आणि केसिंगच्या, म्हणजे भोकात बसवलेल्या पाइपाच्या, बाहेरच्या कच्च्या सिमेंटमधून गॅस वर सरकणं.

'फ्रॅकिंग'चं, म्हणजे दाबाने द्रव सोडून खोलवरचा खडक फोडण्याचं, नाव घेऊन जी भीती पसरते, ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी बोट दाखवते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालात पाणी बिघडण्याची जी कारणं दिली, त्यांत रसायनांची सांडलवंड, कमकुवत विहिरीत दाबाने द्रव सोडणं, अस्तर नसलेले खड्डे, नीट प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी आणि टंचाईच्या काळातला उपसा ही ठळक होती. तिथल्याच ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना २०११ मध्ये ईशान्य पेनसिल्व्हेनियात वायूविहिरींपासून एक किलोमीटरच्या आतल्या पिण्याच्या विहिरींत मिथेन जास्त आढळला, पण फ्रॅकिंगच्या द्रवाचा माग मात्र लागला नाही. आपली तपासणीही या क्रमानेच आखायची: आधी पातळी, क्षार आणि मिथेन, मग बाकीची रसायनं.

पहिलं काम: रिग कशाची आहे ते शोधा

आपल्या जिल्ह्यात दिसणारी बहुतेक रिग एक तर शेतातल्या बोअरची असते, नाहीतर कोळशाच्या शोधाची. कोळशाच्या शोधात बारीक व्यासाचं भोक पाडून खडकाचे गोल नमुने काढतात. त्यात गॅस काढत नाहीत. धोका असतो तो काम झाल्यावर भोक सिमेंटने न बुजवता सोडून दिल्याचा, कारण मग वरचं आणि खालचं पाणी त्यातून एकत्र होतं. गॅसची पाइपलाइन टाकायला खणलेला चर जेमतेम मीटर-दोन मीटर खोल असतो. त्याचा बोअरच्या पाण्याशी संबंध जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे आंदोलनात शक्ती घालवू नका.

ग्रामपंचायतीत ना-हरकतीचा कागद पाहा. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर पर्यावरण मंजुरीचा अर्ज शोधा. तिथे नाही सापडला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात मोघम विचारू नका. भोकाचा उद्देश, अक्षांश-रेखांश, नियोजित खोली, केसिंगची खोली आणि भोक बुजवण्याची पद्धत, एवढंच मागा.

एक बदल लक्षात ठेवा. १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल आणि वायूच्या शोधाचा टप्पा 'ब-२' गटात टाकला, आणि त्या गटाला जनसुनावणी लागत नाही. म्हणजे सुनावणीची नोटीस येईल तेव्हा पाणी तपासू म्हणून थांबलात, तर शोधाची भोकं तोवर पडून गेलेली असतील. उत्पादनाच्या टप्प्यावर सुनावणी होते, किमान ३० दिवस आधी सूचना निघते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. त्या अहवालात भूजलाचे आकडे असतात, पण ते बहुधा एका हंगामाचे आणि निवडक ठिकाणांचे. तुमची विहीर त्यात असेलच असं नाही.

विहिरींची यादी आणि पाण्याची पातळी

नियोजित भोकापासून किमान एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी, बोअर आणि हातपंप वहीत घ्या. प्रत्येकासमोर मालकाचं नाव, गट क्रमांक, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, खोली, केसिंग किती फूट, मोटार किती अश्वशक्तीची आणि किती फुटांवर सोडली आहे, पाणी कोणत्या फुटांवर लागलं होतं, हे लिहा. बोअर मारणाऱ्याची जुनी पावती सापडली तर फोटो काढून ठेवा. केसिंगची लांबी फक्त त्या पावतीवरच असते. फेल गेलेले बोअरही यादीत घ्या. उघडं फेल बोअर म्हणजे वरची घाण खाली आणि खालचा गॅस वर जायचा सरळ रस्ता. ते खालपासून जमिनीपर्यंत बुजवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसे निर्देशच दिलेले आहेत, मुलं पडण्याच्या अपघातांमुळे का होईना.

पातळी पहाटे मोजा, आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद ठेवून. शेजारच्या बोअरचीही मोटार बंद हवी, नाहीतर तुमचं माप शेजाऱ्याच्या उपशाचं होईल. साधन साधं आहे: दोन तारांची केबल, टोकं सोलून एकमेकांपासून अर्धा इंच दूर ठेवलेली, टोकाला वजन, दर मीटरला खूण, आणि वरच्या टोकाला बीप वाजणारा मल्टिमीटर. टोक पाण्याला लागलं की बीप. बीप वाजल्यावर केबल थोडी वर ओढून पुन्हा सोडा, असं तीनदा करा. खडकाच्या वरच्या सांध्यातून पाणी गळत असेल तर ते तारांवर पडून खोटा बीप देतं. तीनही मापं एक-दोन सेंटिमीटरच्या आत जुळली तरच वहीत लिहा. माप नेहमी केसिंगच्या काठापासून घ्या आणि काठ जमिनीपासून किती उंच आहे तेही लिहा.

केबल मोटारीच्या पाइपाला गुंडाळून अडकते, ही नेहमीची अडचण. पुढच्या वेळी दुरुस्तीला मोटार वर काढाल तेव्हा पाऊण इंची पीव्हीसी पाइप सोबत सोडून द्या आणि त्यातूनच मोजा.

मे अखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ही दोन मापं तर हवीतच. जमलं तर दर महिन्याला एक. विदर्भात उन्हाळ्यात पातळी तशीही खाली जाते. एकाच हंगामाचं माप हातात असलं, तर खाली गेलेली पातळी रिगमुळे की उन्हामुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. पाऊस कमी पडलेल्या वर्षी तर मुळीच नाही, म्हणून तालुक्याच्या पावसाचा आकडाही त्याच पानावर लिहा.

नमुना घेण्याआधी उपसा किती करायचा

बोअरमध्ये उभं राहिलेलं पाणी खडकातल्या पाण्यासारखं नसतं. लोखंडी केसिंगचा गंज, वरून पडलेला कचरा आणि हवा त्यात मिसळलेली असते. त्यामुळे बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी काढून टाकायचं. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. समजा बोअर २०० फूट आणि पातळी ६० फुटांवर. पाण्याचा स्तंभ १४० फूट, पाणी ९१० लिटर, तिप्पट म्हणजे २,७३० लिटर. २० लिटरची बादली १५ सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला ८० लिटर, म्हणजे सुमारे ३४ मिनिटं मोटार चालवायची.

शेवटच्या दहा मिनिटांत दर पाच मिनिटांनी तापमान, सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता मोजा. सलग तीन वाचनांत सामू ०.१ च्या आत आणि वाहकता ३ टक्क्यांच्या आत स्थिर झाली की नमुना घ्यायला हरकत नाही. वाहकतेसाठी बाजारातला स्वस्त टीडीएस पेन (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) चालतो, फक्त १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात आधी जुळवून घ्या. न जुळवलेला पेन दोनशे-तीनशेचा फरक सहज दाखवतो आणि गावभर अफवा पसरते.

बोअर कमी पाण्याचं असेल आणि मध्येच हवा ओढायला लागलं तर मोटार बंद करा, पाणी भरू द्या आणि परत आलेल्या पहिल्या पाण्याचा नमुना घ्या. वहीत तसं नमूद करा. मिथेनच्या चाचणीला असा नमुना कमकुवत असतो. कंप्रेसरने हवा सोडून पाणी वर आणणाऱ्या बोअरवर तर मिथेनचा नमुना घेऊच नका. हवेबरोबर गॅस उडून जातो आणि रिपोर्ट 'नाही' येतो. पुढे हाच रिपोर्ट तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

बाटल्या

नमुना मोटारीच्या तोंडाजवळच्या नळातून घ्या. टाकी, आरओ, मऊ पाण्याचं यंत्र किंवा क्लोरिन या सगळ्यांच्या आधी. नळाला लावलेला रबरी पाइप काढा. छतावरच्या टाकीतलं पाणी घेतलं तर मिथेन गेलेला, लोह तळाशी बसलेलं आणि जिवाणू टाकीतले, असं तिन्ही बाजूंनी चुकतं.

सर्वसाधारण चाचणीसाठी दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन लागतो. तो त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायचा. धातूंच्या बाटलीत प्रयोगशाळेने नायट्रिक आम्ल घालून दिलेलं असतं, ती विसळायची नाही आणि ओसंडू द्यायची नाही. तेल आणि ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली हवी. तीही विसळत नाहीत, कारण तेल काचेला चिकटतं आणि विसळताना निघून जातं. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली. तिचं झाकण आतून न शिवता उघडायचं, वर बोटभर जागा सोडायची. ही बाटली बर्फात ठेवून सहा-आठ तासांत पोहोचलेली उत्तम, २४ तासांनंतर तिला अर्थ नाही.

मिथेनची कुपी सगळ्यांत नाजूक. ४० मिलिलिटरची काचेची कुपी, टेफ्लॉनचा पडदा असलेलं झाकण. स्वच्छ बादली पाण्याने भरून वाहू द्या, बारीक नळीचं टोक कुपीच्या तळाशी लावा, कुपी बादलीतल्या पाण्याखाली ठेवूनच भरा आणि पाण्याखालीच झाकण लावा. मग उलटी करून बोटाने टिचकी मारा. वाटाण्याएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती कुपी बाद, दुसरी भरा. कुपीत आधीच आम्ल असेल तर ती बुडवायची नसते. नळाचा प्रवाह अगदी बारीक करून, पाणी काठावर फुगेपर्यंत हळूहळू भरायची. कोणती कुपी दिली आहे, हे प्रयोगशाळेत आधीच विचारून घ्या. दर विहिरीच्या तीन कुप्या भरा. वाटेत एखादी फुटतेच.

मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत बाटल्या गाडीच्या डिकीत टाकून नेल्या तर सगळी मेहनत वाया. थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, बाटल्या उभ्या. गोठू मात्र द्यायच्या नाहीत.

प्रत्येक बाटलीवर विहिरीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही, न पुसणाऱ्या शाईने. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर सही घ्या. सरपंच, ग्रामसेवक किंवा तलाठी यांच्यापैकी कोणाच्या तरी उपस्थितीत पंचनामा करा, आणि कंपनीच्या माणसालाही बोलवा. कंपनी स्वतः नमुना घ्यायला आली तर दार लावू नका. पेनसिल्व्हेनियात २०१२ च्या कायद्याने असं ठरवलं की फ्रॅकिंगसारख्या नव्या पद्धतीच्या वायूविहिरीपासून २,५०० फुटांच्या आतलं पाणी काम झाल्यावर १२ महिन्यांत बिघडलं, तर ते कंपनीनेच बिघडवलं असं धरायचं. पण मालकाने आधीची तपासणी करू दिली नसेल, तर कंपनीला त्याचाच बचाव मिळतो. आपल्याकडेही अडवणूक करणाऱ्याची बाजू कागदावर पडकीच दिसते. त्यांना नमुना घेऊ द्या, त्याच वेळी आपली बाटली भरा आणि रिपोर्टची प्रत लेखी मागा.

प्रयोगशाळेला काय सांगायचं

'पिण्यायोग्य आहे का' एवढीच चाचणी मागितली तर गॅसबद्दल काहीच कळणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात मिथेनला मर्यादाच नाही, सोडियमलाही नाही. म्हणून नावानिशी मागा: सामू, विद्युतवाहकता, टीडीएस, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, मँगनीज, बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड, बोरॉन, आर्सेनिक, खनिज तेल, ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू) आणि विरघळलेला मिथेन. पैसे कमी असतील तर ब्रोमाइड, स्ट्रॉन्शियम आणि खनिज तेल फक्त भोकाजवळच्या दोन-तीन विहिरींवर करा. सोडियम आणि मिथेन मात्र कुठेही वगळू नका.

सर्वसाधारण चाचण्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होतात. जल जीवन मिशनखाली चालणाऱ्या पाणी तपासणी प्रयोगशाळाही लोकांचे नमुने घेतात. खासगीत द्यायचं तर एनएबीएल (प्रयोगशाळा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता पाहा, आणि नुसता शिक्का पाहून थांबू नका. मान्यतेच्या यादीत तुम्हाला हवी ती चाचणी आहे का ते वाचा. विरघळलेला मिथेन करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच, त्यामुळे कुप्या त्यांच्याकडूनच आधी मागवा.

गावात जल जीवन मिशनचा तपासणी संच असतो. त्यावर नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइडचा अंदाज येतो आणि मधल्या महिन्यांत नजर ठेवायला तो छान आहे. पुरावा म्हणून नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

मर्यादांकडे पाहण्याआधी रिपोर्ट खरा आहे का ते तपासा. पाण्यातला धन आणि ऋण भार जवळपास सारखा असतो. प्रत्येक मिलिग्रॅम आकड्याला ठरावीक संख्येने भागायचं: कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२.२, सोडियम २३, पोटॅशियम ३९. समोर बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.५, सल्फेट ४८, नायट्रेट ६२. उदाहरण घ्या. कॅल्शियम ८० म्हणजे ४, मॅग्नेशियम ३६.६ म्हणजे ३, सोडियम ६९ म्हणजे ३, पोटॅशियम ३.९ म्हणजे ०.१, बेरीज १०.१. दुसरीकडे अल्कता ३००, तिला १.२२ ने गुणून बायकार्बोनेट ३६६, म्हणजे ६, क्लोराइड १०६.५ म्हणजे ३, सल्फेट ३८.४ म्हणजे ०.८, नायट्रेट २४.८ म्हणजे ०.४, बेरीज १०.२. फरक अर्धा टक्का, रिपोर्ट ठीक. हा फरक दोन्ही बेरजांच्या एकूण आकड्याच्या ५ टक्क्यांवर गेला तर प्रयोगशाळेला पुन्हा तपासायला लावा. दहा मिनिटांचं गणित आहे, पण कंपनीच्या वकिलाने ते करण्याआधी आपण केलेलं बरं.

आता मर्यादा. टीडीएस ५०० पर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. क्लोराइड २५० आणि १,०००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, त्यात सवलत नाही. बेरियम ०.७, खनिज तेल ०.५. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. विदर्भातल्या बऱ्याच विहिरींत नायट्रेट आधीपासून जास्त असतं, तर यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड. हे दोष आधीच्या रिपोर्टमध्ये दिसले तर लपवू नका. जो दोष आधी होता तो मान्य केला, तरच नंतर आलेला दोष ठळक दिसतो.

पाणी कुठून बिघडलं हे एका आकड्यावरून कळत नाही, जोडीने हलणाऱ्या आकड्यांवरून कळतं. बेसाल्टमधल्या उथळ पाण्यात सहसा कॅल्शियम-मॅग्नेशियम वरचढ असतं. कोळशाच्या थरातल्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट वरचढ, कॅल्शियम कमी आणि सल्फेट जवळपास नाहीसं. त्यामुळे सोडियम चढलं, कॅल्शियम आणि सल्फेट उतरलं आणि सोबत मिथेन आला, तर संशय खालच्या थरावर. सोडियम, क्लोराइड, ब्रोमाइड आणि बेरियम एकत्र चढले तर खोलवरचं खारं पाणी. क्लोराइड आणि नायट्रेट एकत्र वाढले, ई. कोलायही सापडला, तर शौचालयाचा खड्डा किंवा गोठा. बोअरची केसिंग कठीण खडक लागेपर्यंतच असते, तिच्या बाहेरची फट सिमेंटने भरलेली नसते आणि सांडपाणी तिथून सरळ उतरतं. सल्फेट आणि लोह वाढलं, सामू घसरला तर खाणीचं पाणी. सल्फेटसोबत बोरॉन चढलं आणि जवळ औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा तलाव असेल तर तिकडे बघा. रिग दिसते म्हणून सगळं रिगवर टाकलं की पहिल्याच सुनावणीत तक्रार ढिली पडते.

मिथेनची लक्षणं आणि सुरक्षितता

मिथेनला वास नसतो. घरच्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. मिथेन प्यायल्याने विषबाधा होत नाही. धोका आहे तो बंद जागेत साचून पेटण्याचा: हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. अमेरिकेत खाणींवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाचं मार्गदर्शन असं की पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असेल तर काळजी नाही, १० ते २८ मध्ये नजर ठेवा आणि वायुवीजन करा, २८ च्या वर ताबडतोब पावलं उचला.

नळ फसफसतो, ग्लासातलं पाणी दुधासारखं दिसतं आणि मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत जातं, तेव्हा ते बुडबुडे आहेत. गाळ असेल तर उलट, वरून खाली स्वच्छ होत जातं. बुडबुडे हवेचेही असू शकतात, पातळी घसरून मोटार हवा ओढत असली की असंच दिसतं, म्हणून कुपीचा रिपोर्ट येईपर्यंत निष्कर्ष नको. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो साध्या जिवाणूंमुळेही येतो. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढवळा. पापुद्र्यासारखा तुटून तुकडे तसेच वेगळे राहिले तर लोहाच्या जिवाणूंचा. काडी काढताच पुन्हा एकत्र आला तर तेलाचा.

नळाजवळ काडी पेटवून बघण्याचे व्हिडिओ पाहून कोणी तसं करू नये. संशय आला की मोटारीची बंद खोली उघडी करा, छताजवळ आरपार झरोके ठेवा, स्टार्टर बाहेर न्या. बोअरच्या झाकणाला इंचभर पाइप बसवून तो छताच्या वर काढा आणि टोकाला जाळी लावा. मिथेन हवेपेक्षा हलका, त्यामुळे गॅसचा अलार्म वर, छताजवळ लावायचा. सिलिंडरच्या गॅससाठी मात्र तो खाली असतो. उघड्या विहिरीत गाळ काढायला किंवा नमुना घ्यायला उतरू नका. तळाशी प्राणवायू नसला तर माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

आरओने क्षार कमी होतात, मिथेन जात नाही. उकळल्याने गॅस जातो, क्षार उलट दाट होतात, आणि गॅस असलेलं पाणी बंद स्वयंपाकघरात उकळणं धोक्याचं. तुरटी फक्त गाळाला, क्लोरिन फक्त जिवाणूंना.

कंपनीला विचारायचे प्रश्न

वरची केसिंग किती मीटर, आणि गावातल्या सगळ्यात खोल बोअरच्या खाली ती जाते का? तिच्या बाहेरचं सिमेंट जमिनीपर्यंत वर आलं का? सिमेंटच्या पकडीची चाचणी आणि दाबाची चाचणी झाली का, तिचा कागद दाखवता का? सिमेंटमध्ये उभी फट राहिली की गॅस तिथूनच चढतो, म्हणून या प्रश्नांवर अडून बसा. खड्ड्याला जाड प्लास्टिकचं अस्तर आहे का, आणि पावसाळ्यात तो ओसंडला तर पाणी कुठे जाईल? उपसलेलं पाणी रोज किती आणि सोडणार कुठे? हे पाणी कपाशीला किंवा संत्र्याला फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. सोडियममुळे आपली काळी जमीन चिकट होते, पाणी मुरत नाही, आणि ती पूर्ववत व्हायला वर्षं लागतात.

बिघाड दिसला तर

पिणं थांबवा, त्याच दिवशी आधीसारख्याच पद्धतीने, त्याच नळातून, त्याच प्रयोगशाळेसाठी नमुना घ्या. पद्धत बदलली की तुलना संपली. पातळी मोजा. दूर अंतरावरच्या एका विहिरीचाही नमुना घ्या, म्हणजे बिघाड सगळीकडे आहे की रिगच्या बाजूलाच, हे दिसेल. लेखी तक्रार ग्रामपंचायत, तहसीलदार, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नागपूरचं प्रादेशिक कार्यालय आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा या चौघांना एकाच दिवशी द्या आणि आवक क्रमांक घ्या. सोबत आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेला एकच तक्ता जोडा. वीस पानं जोडली तर कोणी वाचत नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर वेगळ्या अर्जाने मागा, नाहीतर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तोही अडकतो.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे, महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ पुण्याला. २०१० च्या कायद्यानुसार पर्यावरणाच्या वादासाठीचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, तर नुकसानभरपाईचा पाच वर्षांत करायचा असतो. दोन्हींत पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. म्हणून बिघाड पहिल्यांदा दिसल्याची तारीख वहीत त्याच दिवशी, सहीनिशी लिहा. सहा महिने तिथूनच मोजायला लागतात.